नऊ पात्यांची दाढ

“दिवा पेटव ग जरा,” देवस्थळीबाई म्हणाल्या.

मी स्पिरिटचा दिवा पेटवला. बाईंनी एक दाभण ज्योतीत धरलं, टोक लाल झाल्यावर दाढ उलटी केली आणि मुळाच्या बाजूला दाभण हलकंच टेकवलं. चर्र झालं. बारीकसा धूर वर आला आणि त्यामागून वास आला. केस जळल्याचा.

प्राणिशास्त्राच्या त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. देवस्थळीबाई सकाळीच पुण्याहून आल्या होत्या; जुन्या हाडांमधलं त्यांना कळत नाही असं फारसं काही नव्हतं. दुसरे आमचे वसमतकर सर, विभागप्रमुख, नुकत्याच झालेल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळं एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले. आणि तिसरी मी, हेमलता गुंजकर, वय सव्वीस, लेक्चरर, नोकरीचं दुसरं वर्ष, अजून कायम न झालेली. खिडकीबाहेर मैदानात मांडव घालणं चाललं होतं. माईकवर एक जण सकाळपासून ‘हॅलो, हॅलो’ करून डोकं उठवत होता.

“केसच,” सर म्हणाले. त्यांना धड दिसत नव्हतं, पण नाक शाबूत होतं.

माझ्या पोटात गोळा आला. हे मला सरांनीच बी.एस्सी.ला शिकवलं होतं. हजारो वर्षं मातीत राहून दगड झालेलं हाड कितीही भाजा, त्याला असा वास येत नाही. वास आला म्हणजे त्यात अजून जिवंतपणीचं काहीतरी शिल्लक आहे. म्हणजे ते हाड जुनं नाही. आणि त्याच दिवशी दुपारी, बाहेरच्या त्या मांडवात, याच दाढेसाठी सरांचा आणि माझा सत्कार होता.

गोष्ट शहाऐंशी सालची. ही दाढ काय होती ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर एवढ्याशा हाडासाठी मांडव कशाला, असं तुम्ही म्हणाल.

सर हत्ती शिकवायचे तो गावच्या भावकीसारखा. फळ्यावर खडूनं फांद्या काढायचे आणि म्हणायचे, “पोरांनो, भावकी तोंडावरून ठरत नसते. आपला आशियाई हत्ती आणि आफ्रिकेतला हत्ती शेजारी उभे केले तर सख्खे भाऊ वाटतील. आहेत का? नाहीत. आफ्रिकेवाल्यानं कधीच वेगळी चूल मांडलीय. आपल्या हत्तीचा जवळचा चुलतभाऊ कोण, तर तो बर्फातला केसाळ मॅमथ, निर्वंश झालेला. लंकेतला, सुमात्रातला आणि आपला हे मात्र एकाच घरातले, नुसत्या खोल्या वेगळ्या. आणि लांबच्या सोयऱ्यांत कोण? समुद्रातली गाय! आणि खडकात राहणारा सशाएवढा एक प्राणी! लग्नात ओळख करून दिली तर हत्ती सोंड फिरवून बसेल असले पाहुणे.” वर्ग खो खो हसायचा. “मग भावकी ठरते कशावरून?” सर विचारायचे, आणि आम्ही ओरडायचो, “दाढेवरून!”

नुसत्या दाढेवरून नाही, पण दाढ फार मोठा पुरावा. हत्तीची दाढ म्हणजे उभी पाती एकामागं एक चिकटवून केलेली वीट. आजच्या आपल्या हत्तीच्या शेवटच्या दाढेत अशी वीसच्या वर पाती असतात. आफ्रिकेतल्याच्या दाढेत बरीच कमी. आणि भावकीत जितकं मागं जावं, आजा, पणजा, खापरपणजा, तितकी पाती कमी होत जातात. मला सापडलेल्या दाढेत नऊ होती.

गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. पावसाळा सरला आणि गंगेची दरड कोसळली की सर विद्यार्थ्यांना घेऊन हाडं शोधायला जायचे. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. पाणघोड्याचा जबडा, रानरेड्याची शिंगं, एका खरोखरीच्या प्राचीन हत्तीचा सुळा, असं सगळं विभागाच्या मागच्या खोलीत जुन्या गाद्यांच्या कापसात गुंडाळून ठेवलेलं होतं. सर रिटायर व्हायच्या आत या हाडांसाठी एक हॉल द्यायचं संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी कबूल केलं होतं. सरांचं दुसरं काही मागणंच नव्हतं. मूलबाळ नाही, शेतीवाडी नाही. काकू आणि ही हाडं, एवढाच संसार.

त्या वर्षी दिवाळीनंतर सर ऑपरेशनला नांदेडला गेले, म्हणून नदीवर पोरांना घेऊन मी गेले. तिथं दाढ मिळाली. काळी कुळकुळीत आणि उचलायला जड. मी पाती मोजली, पुन्हा मोजली, आणि मला घामच फुटला. आशियाई हत्तीचा पूर्वज आमच्या गंगेत! कुणालाही न सापडलेला!

सरांची एक शिस्त होती. काहीही सापडलं तरी वर्षभर कपाटात ठेवायचं आणि तोंड बंद ठेवायचं. “मुरू द्या,” म्हणायचे. “घाईत नाव दिलं की नंतर ते पुसता येत नाही.”

मला कुठलं वर्ष? मार्चमध्ये माझी दोन वर्षं भरत होती. मला कायम करायचं की घरी पाठवायचं हे बापूसाहेब ठरवणार, आणि त्यांचा पुतण्या एम.एस्सी. होऊन बूट वाजवत कॉलेजात फेऱ्या मारायला लागला होता. त्यात मी बाई. ‘लग्न झालं की जाईलच ती,’ असं ऑफिसात माझ्यादेखत बोलायचे. जायला मला होतं कुठं? वडील गेलेले, घरात आई आणि मी, आणि चूल माझ्या पगारावर. मी तेव्हा भयंकर तापट होते. म्हटलं, थांबा लेको, दाखवतेच एकेकाला. आणि जिल्ह्याच्या पेपरला बातमी देऊन टाकली.

बातमीत पहिलं नाव मी सरांचं घातलं. ‘प्रा. विश्वंभर वसमतकर यांच्या मार्गदर्शनाखाली.’ आपल्याकडं हे असंच असतं हो. एक बाळंतपण सोडलं तर आपल्याकडं सगळं कुणाच्या तरी मार्गदर्शनाखाली होतं. सर तिकडं नांदेडात डोळा बांधून पडलेले. त्यांनी ती दाढ बघितली नव्हती, तिच्याबद्दल ऐकलंसुद्धा नव्हतं. पण त्यांचं नाव न घालणं म्हणजे खाल्ल्या घराचे वासे मोजणं, असं मला मनापासून वाटलं. मान द्यायचा म्हणून दिला.

पेपरात चौकटीत आलं, ‘गंगाकाठी सापडला हत्तीचा खापरपणजोबा!’ बापूसाहेब इतके हरखले की या नव्या हत्तीला त्यांच्या कैलासवासी वडिलांचं नाव देता येईल का, असं मला बोलावून विचारलं. म्हणजे शास्त्रीय नाव एलिफस आप्पासाहेबी. मी हसू दाबत ‘बघू’ म्हटलं. सत्कार ठरला, पत्रिका छापल्या.

सर परत आले. दाढ मांडीवर घेऊन तिच्यावरून बोटं फिरवत बसले.

“हेमा, पुढची कड मोडलेली आहे का झिजलेली?”

“मोडलीय थोडी. पण नऊच्या नऊ पाती स्वच्छ आहेत सर.”

“भाजून बघितलीस?”

“एवढ्या मोलाच्या वस्तूला डाग द्यायचा?” मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले.

सर त्यावर रागावले नाहीत. बातमीबद्दलही रागावले नाहीत. त्यांनी फक्त देवस्थळीबाईंना बोलावून घेतलं, आणि बाईंना यायला नेमका सत्काराचाच दिवस मिळाला.

बाईंनी दाभण खाली ठेवलं. “इकडं ये. हत्तीची दाढ आपल्यासारखी खालून वर येत नाही. ती मागून पुढं सरकत येते, आणि पुढची पाती झिजून झिजून गळून पडतात. ही म्हाताऱ्या हत्तीची शेवटची दाढ आहे. पाती वीस-बावीस असतील मुळात. आयुष्यभर खाऊन नऊ राहिलीत. तू राहिलेली मोजलीस.”

“पण मी दोनदा मोजली, नऊच...”

“संख्या मोजलीस, दाटी नाही बघितलीस. बघ, किती पातळ पाती आणि किती खेटून बसलीत. फार जुन्या हत्तीची जाड असतात, अंतर राखून असतात. हा आपलाच नेहमीचा हत्ती आहे ग. कुठल्या मठाचा नाहीतर सर्कशीचा असेल. मेल्यावर नदीकाठी पुरला असेल. काळ्या मातीनं रंग चढवलाय.”

खापरपणजोबा कसला, माझ्या आजोबांच्या वयाचा निघाला.

झिजलेली दाढ आणि मुळातच कमी पात्यांची दाढ यातला फरक पहिल्या वर्षाच्या पोराला सांगते मी! स्वतःची एवढी शरम मला कधी वाटली नव्हती. वाटलं, दाढ उचलावी आणि खिडकीतून त्या हॅलो-हॅलोवाल्याच्या डोक्यात घालावी.

“सत्कार रद्द करू या सर.”

“कसा रद्द करतेस? जिल्ह्याहून पाहुणे निघालेत,” सर शांतपणे म्हणाले. मग बाईंकडं वळले. “तुम्ही जे आहे ते सांगा. लपवायचं काही नाही. फक्त चूक कुणाची, ते मी सांगतो.”

“सर!”

“बातमीत पहिलं नाव कुणाचं आहे?”

“तो मान दिला होता मी.”

“दिलास ना? मग त्याच्यासोबत जे येईल ते माझं.” सर हसले. “अगं, मी चार महिन्यांत रिटायर होतोय. मला कोण काय करणार? तुझी ऑर्डर निघायचीय. तुला काढायला ते निमित्तच शोधतायत, आणि तू ते ताटात वाढून देणार का?”

“आणि हॉल? त्यांनी दिला नाही तर?”

“हाडं खरी आहेत. खऱ्या हाडांना काय होतंय?”

देवस्थळीबाईंनी चष्मा पुसला. “वसमतकर, मला हे पटत नाही. पण चूक कुणाची हे मला कुणी विचारलं नाही तर मी होऊन बोलणार नाही. तुमचं तुम्ही बघा.”

“मी गप्प बसणार नाही,” मी म्हणाले. “आधीच सांगून ठेवते.”

“बसशील,” सर म्हणाले. “मी सांगतोय म्हणून बसशील.”

मी मान हलवली नाही. स्टेजवर उठायचं आणि सगळं सांगून टाकायचं, हे मी तिथंच पक्कं केलं. नोकरी जाईल तर जाईल. शिकवण्या घेईन, शिवणकाम करीन. खोटं सांगत नाही, त्या वेळी मी खरोखर तयार होते.

मांडव गच्च भरला होता. बायकांची बाजू वेगळी, तिथं पुढच्याच रांगेत काकू बसल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. स्टेजवर मधोमध बापूसाहेब, मग पाहुणे, देवस्थळीबाई, सर आणि टोकाला मी. टेबलावर लाल मखमलीवर दाढ ठेवलेली. मुळाशी दाभणाचा डाग, तो मला एकटीला दिसत होता. आमचे मराठीचे शिरढोणकर सूत्रसंचालन करत होते. दाढेला बघून त्यांना गजाननापासून ऐरावतापर्यंत सगळे आठवले.

देवस्थळीबाई उठल्या आणि पाच वाक्यांत खरं काय ते सांगून बसल्या. ही दाढ प्राचीन नाही, आजच्याच आशियाई हत्तीची आहे, झिजलेली आहे म्हणून पाती कमी, अशी गफलत होऊ शकते, वाईट वाटून घेऊ नका.

मग मागून कुणीतरी ओरडलं, “म्हंजे मठाचाच हत्ती का वो बाई?” आणि एकच हशा झाला. बापूसाहेबांचं तोंड उतरलं. गेला आठवडाभर ते गावभर आप्पासाहेबी हत्तीबद्दल बोलत फिरले होते. त्यांनी आधी सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मला पुतण्याच्या बुटांचा आवाज ऐकू आला असं वाटलं.

सर उठले. चाचपडत माईकपाशी गेले.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “हेमलतानं दाढ मला आणून दाखवली. ती म्हणत होती, वर्षभर थांबू. मी ऐकलं नाही. रिटायर व्हायच्या आधी आपलं नाव व्हावं अशी हाव सुटली मला. तिच्या हातनं बातमी मीच द्यायला लावली. तुम्हा सगळ्यांची मी माफी मागतो.”

हाव, घाई, नाव. सगळं माझं होतं, नुसतं त्यांनी आपल्या अंगावर चढवलं होतं.

“सर, डोळ्याचं आप्रेशन आधीच करायला पाह्यजे होतं!” पोरांच्या घोळक्यातून आवाज आला. पुन्हा हशा. हसणाऱ्यांत त्यांचे विद्यार्थी होते. कुणीही गप्प करायला उठलं नाही. बापूसाहेबही हसले. सर पट्टीवर हात ठेवून तसेच उभे होते, आणि काकू खाली मांडीकडं बघत होत्या.

मी ताडकन उठले. शिरढोणकर मधे आले, त्यांना बाजूला सारलं आणि माईक धरला.

“हे खोटं आहे! सरांनी ती दाढ बघितलीच नव्हती. ते नांदेडला दवाखान्यात होते. दाढ मला सापडली, पाती मी मोजली, बातमी मी दिली. सरांना विचारलंसुद्धा नाही. त्यांचं नाव मी मानासाठी घातलं. चूक माझी एकटीची आहे. हसायचं तर मला हसा.”

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेवढं नसतं आलं तर कदाचित बरं झालं असतं.

मग बापूसाहेब खुर्चीतून उठले आणि टाळ्या वाजवायला लागले.

“वा! वा ग पोरी!” ते पाहुण्यांकडं वळून म्हणाले. “बघा, ह्याला म्हणावं संस्कार!”

आणि सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला.

मला आधी कळलंच नाही काय चाललंय. “टाळ्या वाजवू नका!” मी ओरडले. “खरं सांगतेय मी!” टाळ्या वाढल्या. सत्काराला उठलेला प्रत्येक माणूस आपल्याकडं हेच म्हणतो ना, की मी काही केलं नाही, सगळं दुसऱ्यांनी केलं. लोकांच्या कानांना तेच ऐकायची सवय. मी उलटं बोलत होते, श्रेय नव्हे, दोष मागत होते. त्यांना ते आणखीच गोड लागलं. आणि सव्वीस वर्षांची पोरगी एकटीच्या डोक्यानं हत्तीची जात ठरवते, पेपरला कळवते, हे तिथं कुणाला खरंच वाटत नव्हतं. चूक करण्याइतकीसुद्धा माझी लायकी त्यांनी धरली नव्हती.

शिरढोणकरांनी माईक काढून घेतला. “गुरूची चूक ओटीत घेणारी ही लेक, आज या व्यासपीठावर...”

“अहो, आईची शपथ!” मी माईकविना ओरडले. “दवाखान्यात विचारा! तारीख बघा!”

“बस आता माय, कळालं आम्हाला,” एक म्हातारी बाई खालून म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

“कळालं नाही तुम्हाला! सरांना काही माहीतच नव्हतं!”

बापूसाहेब शाल घेऊन आले. सत्काराचीच शाल, सरांसाठी आणलेली असणार, कारण मला ती पार घोट्यांपर्यंत आली. हातात नारळ दिला. शिरढोणकरांच्या हातातला माईक आपल्याकडं ओढून म्हणाले, “अशी माणसं संस्थेला पाहिजेत. मार्चची वाट कशाला बघायची? हेमलताताईंना मी आजच्या आज कायम करतो. आणि वसमतकर सरांनी आता डोळे सांभाळावेत, आराम करावा.”

लोक हसले, टाळ्या वाजल्या, कुणीतरी माझा फोटो काढला. मी खुर्चीत बसले. शेजारी सर एका डोळ्यानं माझ्याकडं बघून टाळ्या वाजवत होते.

तेव्हापासून मी या गावात गुरुभक्त बाई. दरवर्षी शिक्षकदिनाला मला कुठंतरी बोलावतात आणि ओळख करून देताना ही गोष्ट सांगतात, दरवर्षी थोडी वाढवून. मी खरं सांगते. स्टाफरूममध्ये सांगितलं, वर्गात सांगितलं, जावयाला सांगितलं. “मॅडम, तुम्ही म्हणजे ना!” असं म्हणतात आणि माझ्या पाया पडतात. पाया पडलेल्या माणसावर किती ओरडणार?

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. रात्री झोप लागली नव्हती. उजाडल्यावर उठून सरांकडं गेले.

काकू ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी मान वर केली, पण ‘ये’ म्हणाल्या नाहीत. काकूंनी मला ‘ये’ म्हटलं नाही असं आजवर झालं नव्हतं. मी पायरीशीच उभी राहिले.

“सर?”

“पडलेत आत. डोळा ठणकतोय.” त्यांनी एक जुडी ओढली. “सकाळीच ऑफिसातला माणूस येऊन मागच्या खोलीची किल्ली घेऊन गेला. तिथं टायपिंगचा वर्ग काढायचाय म्हणे.”

“आणि हाडं?”

“कॉलेजच्या मागं पत्र्याखाली काढून ठेवणारेत. बापूसाहेब म्हणाले म्हणे, एक दाढ तसली निघाली, बाकीची तरी कशावरून खरी?”

“काकू, मी सांगितलं होतं हो! सगळं खरं सांगितलं. कुणी ऐकूनच घेतलं नाही.”

“ऐकलं मी. पुढंच बसले होते.”

“माईकसुद्धा काढून घेतला माझ्या हातातला.”

“घेतला की. तरी बोलत होतीस. बिनमाईकची बोलत होतीस आणि पार मागच्या पोरांपर्यंत ऐकू जात होतं. आवाज आहे तुला.” काकूंचा स्वर रागाचा नव्हता. त्या पानं खुडत होत्या, काड्या बाजूला टाकत होत्या. “कुणाच्यानं तुला गप्प बसवणं होत नव्हतं. बापूसाहेब ‘कायम’ म्हणाले, तेव्हा बसलीस.”

माझ्या तोंडात किती उत्तरं आली. पाय गळाले होते. शाल जड होती. हातात नारळ होता. लोक हसत होते, मी आणखी काय करणार होते? सगळं खरं होतं. आणि बापूसाहेबांच्या तोंडून तो शब्द आला तेव्हा सकाळपासूनचा पोटातला गोळा विरघळून गेला, मला हलकं वाटलं, बरं वाटलं, हेही खरं होतं. ते मला स्वतःला त्या क्षणापर्यंत नीट कळलं नव्हतं. काकूंनी ते तिकडं बायकांत बसून बघितलं होतं.

जमीन दुभंगावी असं म्हणतात ना, तसं झालं.

“कोण आलंय ग?” आतून सरांचा आवाज आला.

“हेमा आलीय.”

“आली का? मग बाहेर काय उभी केलीस तिला? पेढे आणून ठेवलेत ना रात्री, ते दे आधी!” सरांचा आवाज एकदम खुलला होता. “अगं, पोरगी कायम झाली आपली!”

काकू उठल्या. पदराला हात पुसून आत गेल्या आणि एक पेढा घेऊन आल्या. माझा हात धरून त्यांनी तो तळव्यावर ठेवला.

मी तो त्यांच्यासमोर उभ्यानं खाल्ला.